रिमोटची गाडी किटमधून जोडताना: मुरुम, धूळ आणि मे महिना लक्षात घेऊन

गेल्या मे महिन्यात माझा भाचा अंबडहून जालन्याला सुट्टीला आला, तो रिमोटची एक बंद गाडी घेऊनच. वाढदिवसाला मिळालेली, बऱ्यापैकी महागाची. मोटर घूं घूं करायची, पण चाकं हलायची नाहीत. ओसरीत बसून आम्ही ती उघडली. आत नखाएवढा एक पांढरा गिअर होता आणि त्याचे तीन दात झडले होते. बिघाड तेवढाच. पण गाडीवर कंपनीचं नाव नव्हतं, तो गिअर सुटा कुठंच मिळेना, आणि निम्मे भाग स्क्रूऐवजी चिकटवून बसवलेले होते. तीन दातांपायी अख्खी गाडी माळ्यावर गेली.

"मामा, दुसरी घ्यायची का मग?"

"घेऊ. पण जोडलेली नको. सुटी घेऊ, आपण जोडू."

आम्ही जोडलेली ती गाडी आजही पळते. मधल्या काळात तिचा पुढचा एक आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, मोडला, दोन बेअरिंग गेल्या, एकदा स्टिअरिंग फिरवणाऱ्या सर्व्होचे दात गेले. दर वेळी तेवढाच भाग बदलला. पुण्या-मुंबईत माणूस गाडी घेऊन दुकानात जाऊ शकतो. जिल्ह्याच्या गावी अशा गाड्यांचे सुटे भाग टांगलेलं दुकान सहसा सापडत नाही, त्यामुळं दुरुस्ती करणारे तुम्हीच असता. म्हणून पहिल्यांदा किट जोडणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगतो: पुन्हा उघडता येईल अशी जोडा. पुढं जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीसाठी.

काय घ्यायचं

१:१० मापाची, विजेवर चालणारी बग्गी घ्या. १:१० म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश, साधारण हातभर लांब. दुकानांच्या चित्रांत रस्त्यावरच्या रेसिंग गाड्या फार देखण्या दिसतात आणि मुलांचं बोट तिकडंच जातं. पण त्या गाड्यांचं पोट जमिनीपासून बोटाच्या पेरापेक्षाही कमी उंचीवर असतं. त्यांना गुळगुळीत डांबर लागतं. आपल्या गल्लीत पहिल्याच खडीला ती अडकेल. बग्गीचे टायर मोठे आणि काटेरी असतात, शॉकअप लांब असतात, पोट उंच असतं. शाळेचं मैदान, मोकळा प्लॉट, सुगीनंतरचं खळं, कुठंही ती रमते.

चारही चाकांना ओढ असलेली गाडी भुसभुशीत मुरुमावर जास्त पकडून चालते, हे खरं. तरी पहिली गाडी मागच्या दोनच चाकांना ओढ असलेली घ्यावी असं माझं मत आहे. गिअर कमी, शाफ्ट कमी, धूळ शिरायच्या जागा कमी. मागचा गिअरबॉक्स एकदा कळला की गाडी कळली.

कंपन्या बऱ्याच आहेत. किट म्हटलं की जगभर आधी जपानच्या शिझुओकामधल्या तामियाचं नाव निघतं. त्यांची पहिली रिमोटची गाडी १९७६ ची, पोर्शे ९३४. १९८४ साली त्यांनी ग्रासहॉपर नावाची साधी बग्गी काढली आणि २००५ मध्ये तीच पुन्हा बाजारात आणली. मला यातली मोलाची गोष्ट अशी वाटते की इतक्या जुन्या गाडीचा भाग आजही मागवता येतो. तुम्ही कोणतंही किट निवडा, पैसे भरण्याआधी एक काम करा: त्याच गाडीचा पुढचा आर्म, गिअरचा संच आणि मागचा शाफ्ट भारतातल्या ऑनलाइन दुकानांत सुटा मिळतो का, ते शोधा. तिन्ही मिळाले तर घ्या. नाही मिळाले तर गाडी कितीही सुंदर असो, सोडून द्या.

आता डब्यात काय नसतं ते नीट ऐका, कारण नवखा माणूस इथंच फसतो. बहुतेक किटमध्ये सांगाडा, गिअर, चाकं, टायर, शॉकअप, पारदर्शक बॉडी आणि मोटर असते. बाकीचं वेगळं घ्यावं लागतं. हातात धरायचा ट्रान्समीटर आणि त्याचा रिसीव्हर (२.४ गिगाहर्ट्‌झचा, दोन चॅनलचा पुरतो). स्टिअरिंग फिरवणारा सर्व्हो. मोटरला कमी-जास्त वीज देणारा स्पीड कंट्रोलर. काही किटमध्ये तो येतो, यादीत पाहून घ्या. बॅटरी. चार्जर. बॉडीचा रंग. किटच्या किमतीच्या निम्मे तरी पैसे यासाठी बाजूला ठेवा, नाहीतर डबा घरात येतो आणि मूल महिनाभर नुसतं बघत बसतं.

एवढा खर्च परवडत नसेल तर दुसरी वाट आहे आणि ती अजिबात कमी प्रतीची नाही. पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या) मोटरी, ॲक्रिलिकचा सांगाडा, आर्डुइनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर आणि एचसी-०५ ब्लूटूथ असा संच बऱ्याच कमी पैशांत मिळतो आणि गाडी ॲण्ड्रॉइड मोबाइलवरून चालते. त्यात वायरिंग आणि प्रोग्रॅम शिकायला मिळतो, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स नाही. फरशीवर झकास चालते, मुरुमावर नाही.

ताट आणि स्क्रू ड्रायव्हर

घरातलं मोठं, काठाचं स्टीलचं ताट मागून घ्या. जोडणी ताटातच करायची. यात तीन मिलिमीटरचे स्क्रू असतात, मोहरीएवढे छर्रे असतात, आणि ई-आकाराच्या इवल्या क्लिपा असतात. क्लिप बसवताना निसटली की थेट कपाटाखाली. ती बसवताना हात आणि भाग दोन्ही पारदर्शक पिशवीत घाला. उडाली तरी पिशवीतच राहते. पंखा बंद ठेवा. मे महिन्यात हे सांगणं सोपं आहे, करणं अवघड, म्हणून आम्ही सकाळी सहा ते नऊ एवढंच बसायचो.

हत्यारं थोडीच लागतात: दोन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, चिमट्यासारखी निमुळती पक्कड, छोटा कटर, बारीक कानस, ॲलन की. यातल्या स्क्रू ड्रायव्हरवर मात्र थांबायला हवं. जपानी किटमधले चौफुलीचे स्क्रू जपानी प्रमाणाचे असतात, त्याला जेआयएस म्हणतात. आपल्या घरातला साधा फिलिप्स त्यात जातो, पण पूर्ण बसत नाही. जोर दिला की वर चढतो आणि डोकं खातो. जुन्या जपानी बनावटीच्या मोटरसायकलींच्या कार्बोरेटरचे स्क्रू असेच खराब झालेले असतात, कोणत्याही मेकॅनिकला विचारा. जेआयएस स्क्रू ड्रायव्हर मागवून घ्या. सगळ्या हत्यारांत जास्तीचे पैसे घालायचे असतील तर इथंच घाला, कारण ज्या स्क्रूचं डोकं गेलं तो भाग पुन्हा उघडत नाही.

दुसरी गोष्ट आट्यांची. स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातो. पहिल्यांदा घालताना दोन वेढे आत, अर्धा वेढा मागं, असं करत जा. टेकला की थांबा. टेकल्यावर आणखी पाव वेढा मारण्याचा मोह होतो आणि त्याच पाव वेढ्यात आटे जातात. काढलेला स्क्रू परत बसवताना आधी हलकेच उलटा फिरवा. एक बारीक 'टक' जाणवते. ती जाणवली की जुने आटे सापडले. आता सुलटा फिरवा. भाच्याला हे दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा तोच डोळे मिटून बोटांनी ती टक शोधायला लागला.

स्क्रूचे आटे घट्ट राहावेत म्हणून लावायचा थ्रेडलॉक फक्त लोखंडात लोखंड जातं तिथं. प्लास्टिकला तो लागला तर प्लास्टिक तडकतं.

पुस्तिका आणि पाकिटं

पुस्तिकेत शब्द कमी, चित्रं जास्त असतात. आधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसती बघून काढा. भाग ए, बी, सी अशा पाकिटांत असतात किंवा प्लास्टिकच्या चौकटींना जोडलेले असतात, प्रत्येक भागावर क्रमांक असतो. पायरीला लागेल तेवढंच पाकीट फोडा. सगळी पाकिटं एकदम ताटात ओतू नका. बऱ्याच पुस्तिकांत स्क्रूचं चित्र खऱ्या मापाचं छापलेलं असतं. हातातला स्क्रू चित्रावर ठेवून पाहा, ८ मिलिमीटर लांबीचा आहे की १० चा ते लगेच कळतं. आठच्या जागी दहाचा गेला तर तो आरपार जाऊन आतल्या गिअरला घासतो.

चौकटीतून भाग तोडून काढू नका, कटरनं कापा आणि उरलेला ठिपका कानशीनं साफ करा. फिरणाऱ्या भागावर तो ठिपका राहिला तर नंतर गाडी कुठंतरी अडखळते आणि कारण सापडत नाही.

गिअरबॉक्स: इथं घाई नको

गाडीचा जीव इथं आहे. आणि मराठवाड्यात जोडताना पुस्तिकेपलीकडं विचार करायचा तोही इथंच.

बऱ्याच किटमध्ये बेअरिंगच्या जागी प्लास्टिकची किंवा पितळी बुशं, म्हणजे साध्या कड्या, देतात. स्वच्छ जागी ती चालतात. आपल्या धुळीत ती झिजतात, भोक लंबगोल होतं आणि मग गिअर एकमेकांवर नीट बसत नाहीत. सुरुवातीलाच रबरी सील असलेल्या बॉल बेअरिंग घाला. नंतर घालायच्या म्हटलं की सगळं पुन्हा उघडावं लागतं. तामियाच्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटरची बेअरिंग लागते. बेअरिंगच्या दुकानात 'रिमोटच्या गाडीची' म्हणालात तर मान हलवतील. 'एमआर ११५ टूआरएस' म्हणा. एमआयडीसीजवळच्या दुकानांत चौकशी करून पाहा, नाहीतर ऑनलाइन संच मिळतो. आधी पुस्तिकेतून माप आणि नग मोजून घ्या.

ग्रीस गिअरच्या दातांवर बोटानं पातळ चोपडायचं, दात दिसले पाहिजेत एवढंच. डिफरन्शियलच्या आतल्या छोट्या गिअरना थोडं जास्त. डिफरन्शियल म्हणजे वळताना बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्याला कमी फिरू देणारी यंत्रणा. ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्यात असते तीच. जोडून झाली की एक चाक हातानं फिरवा, दुसरं उलट फिरलं पाहिजे. भाचा दहा मिनिटं तेच करत बसला होता. घरी रोज ट्रॅक्टर बघतो, पण आत हे चालतं हे त्याला त्या दिवशी कळलं.

गिअरबॉक्सच्या बाहेर मात्र ग्रीस लावू नका. पुस्तिकेत शाफ्टच्या टोकांना, स्टिअरिंगच्या सांध्यांना लावायला सांगितलेलं असेल, तरी लावू नका. बाहेरच्या ग्रीसवर आपली काळी माती बसते आणि त्याचा पॉलिश पेपरसारखा लेप होतो. कोरडा सांधा थोडा वाजतो, पण टिकतो.

मोटरवर पिनियन, म्हणजे छोटा गिअर, बसतो. त्याचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) मोटरच्या शाफ्टवरच्या सपाट बाजूवर आला पाहिजे, गोल बाजूवर नाही. तिथं थ्रेडलॉकचा एक थेंब. हे मी पहिल्यांदा केलं नव्हतं. गाडी मैदानात जेमतेम दोन फेऱ्या मारून उभी राहिली, मोटर ओरडत होती, आणि मला वाटलं गिअर गेले. घरी आणून उघडली, तर पिनियन शाफ्टवर मोकळा फिरत होता आणि शाफ्टवर गोल ओरखडा पडला होता. त्या एका थेंबाची गोष्ट होती.

पिनियन आणि मोठा गिअर किती जवळ असावेत? काही किटमध्ये दातांच्या संख्येनुसार भोकं ठरलेली असतात, योग्य भोक निवडलं की झालं. मोटर मागं-पुढं सरकवता येत असेल तर दोन गिअरच्या मधे वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर दाबून आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या घड्या उमटायला हव्यात, ती फाटायला नको.

आणि आता चुंबकाचा प्रयोग. मोटर जोडायच्या आधी मुलांना घेऊन अंगणात जा. एखादं चुंबक रुमालात गुंडाळून मुरुमातून फिरवा. रुमालाला काळे बारीक कण दाढीसारखे चिकटून येतील. आपला दख्खनचा काळा खडक बेसाल्टचा, त्यात मॅग्नेटाइट असतं, म्हणजे लोखंडाचंच खनिज. खडक झिजला की त्याचे कण मातीत मिसळतात. किटमधल्या साध्या मोटरच्या आत दोन चुंबकं असतात आणि तिच्या अंगाला हवेसाठी खिडक्या असतात. म्हणजे गाडी मुरुमावर पळते तेव्हा मोटर हेच कण आत ओढते. कारखान्याजवळच्या जागेत लोखंडाचा कीस असतो, तिथं तर विचारूच नका. मी खिडक्यांवर जुन्या नायलॉनच्या मोज्याचा एकपदरी तुकडा ताणून रबरानं बांधतो. हवा जाईल इतका पातळ हवा. त्यानं मोटर थोडी जास्त तापते, म्हणून पळवून झाल्यावर हात लावून पाहायची सवय ठेवा.

शॉकअप

तेल भरायचे शॉकअप असतील तर किटसोबत आलेलं सिलिकॉन तेलच वापरा. इंजिन ऑइल, शिलाई मशीनचं तेल घालू नका. आतलं रबर फुगतं. नळी उभी धरा, दट्ट्या तळाशी ठेवा, काठोकाठ तेल भरा, मग दट्ट्या अगदी सावकाश वर-खाली करा. बारीक बुडबुडे वर येतात. पाच मिनिटं तसंच उभं ठेवा, चहा घ्या, बुडबुडे गेले की झाकण लावा. आत हवा राहिली तर दाबताना 'पच पच' आवाज येतो. दोन्ही बाजूंचे शॉकअप शेजारी धरून सारखे लांब आहेत का ते मोजा. एक कमी-जास्त असेल तर गाडी एका अंगाला झुकून चालते.

वायरिंग, आणि सर्व्हो मधोमध

सर्व्हो गाडीत बसवण्याआधी सगळी वीज टेबलावर जोडून पाहा. हा क्रम चुकवू नका.

सर्व्होची वायर रिसीव्हरच्या चॅनल १ मध्ये, स्पीड कंट्रोलरची चॅनल २ मध्ये. तीन तारांपैकी तपकिरी किंवा काळी उणे, लाल अधिक, उरलेली नारिंगी, पिवळी किंवा पांढरी संदेशाची. रिसीव्हरला वेगळी बॅटरी लागत नाही, स्पीड कंट्रोलरच त्याला वीज पुरवतो. ट्रान्समीटरवरचे ट्रिम, म्हणजे मधली जागा थोडी इकडंतिकडं जुळवायच्या कळा, शून्यावर आणा. आधी ट्रान्समीटर चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग ट्रान्समीटर. उलट केलंत तर गाडी आदेशाविना पळू शकते.

चालू केल्यावर सर्व्हो स्वतः मधोमध येऊन थांबतो. तो तसाच चालू असताना त्यावर हॉर्न, म्हणजे स्टिअरिंगची काडी, सरळ बसवा. बऱ्याच सर्व्होच्या शाफ्टवर २५ दात असतात, म्हणजे एका दाताला चौदा अंशांहून थोडं जास्त. हॉर्न अगदी काटकोनात येईलच असं नाही. सर्वांत जवळचा दात पकडा, उरलेलं ट्रिमनं जुळवा. किटमध्ये वेगवेगळ्या दातांचे दोन-तीन मधले तुकडे देतात. दाबून बसला पण ढिला वाटतो, तर तो चुकीचा तुकडा आहे. जोर लावू नका, दुसरा बघा.

हा क्रम न पाळता सर्व्हो आधी गाडीत बसवला तर चाकं एकीकडं पूर्ण वळतात, दुसरीकडं अर्धीच. नवख्यांच्या गाड्यांत हे मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलंय. चाकं पूर्ण वळल्यावर सर्व्हो गुणगुणत असेल तर त्याला जागा नसताना तो ढकलतोय. ट्रान्समीटरवर स्टिअरिंगची हद्द कमी करा, आवाज थांबेपर्यंत.

मोटरच्या दोन तारा जोडून ट्रिगर दाबला तेव्हा भाचा ओरडलाच, "मामा, उलटी पळायली की!" साध्या ब्रशच्या मोटरला हे काहीच नाही. दोन तारांची अदलाबदल केली की झालं. बॅटरीच्या तारांची अदलाबदल मात्र कधीच करू नका. त्यात स्पीड कंट्रोलर जळतो.

रिसीव्हरची बारीक ॲन्टेना कापू नका, गुंडाळू नका. सोबतच्या नळीतून उभी ठेवा.

बॉडी

पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी आतून रंगवतात. त्यामुळं बाहेरून घासली तरी रंग जात नाही. आधी भांड्यांच्या साबणानं धुवा, वाळवा, आतून बोटं लावू नका. खिडक्यांवर मास्किंग टेप चिकटवा. रंगाच्या डब्यावर पॉलिकार्बोनेटसाठी असं लिहिलेलंच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला गाडीचा स्प्रे बग्गी पहिल्यांदा उलटली की पापुद्र्यानं निघतो. दोन रंग असतील तर गडद आधी, फिका नंतर, आणि फिक्या रंगामागं शेवटी पांढऱ्याचा हात. पातळ पातळ चार हात द्या. आमच्याकडं दुपारी रंग हवेतच वाळून भुकटीसारखा बसला होता. पहाटे, वारा पडलेला असताना दिलेला हात नितळ आला. बाहेरची संरक्षक फिल्म अगदी शेवटी काढा. कडा कापायला वाकड्या पात्याची छोटी कात्री बरी पडते.

बॅटरी आणि ऊन

पहिली बॅटरी ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड घ्या, तीन हजारच्या आसपास एमएएचची. सहा सेलचा तो लांबुडका पॅक दणकट असतो आणि चुका सोसतो. साध्या मोटरवर पंधरा-वीस मिनिटं चालतो. भरला की आपोआप थांबणारा चार्जर घ्या. तीन हजारच्या पॅकला तीन ॲम्पिअर लावले तर तासाभरात भरतो. मधेच लाईट गेली तर परत आल्यावर बऱ्याच चार्जरना पुन्हा बटण दाबावं लागतं. नाहीतर सकाळी पॅक अर्धाच भरलेला सापडतो.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी हलकी आणि जोरकस असते, मलाही आवडते, पण ती सवय झाल्यावर. तिचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नाही आणि ३ च्या खाली उतरू द्यायचा नाही. स्पीड कंट्रोलरमध्ये लिपोची सोय, म्हणजे व्होल्टेज फार उतरण्याआधी वीज तोडणारी, असेल तरच वापरा आणि ती चालू केली आहे का ते पाहा. चार्ज होत असताना खोलीत माणूस हवा. फुगलेली लिपो पुन्हा चार्ज करायची नाही. ठेवून द्यायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच बेचाळीस-त्रेचाळीस होतं, पत्र्याच्या खोलीत तर त्याच्याही वर जातं. बॅटरी पत्र्याखाली, खिडकीत किंवा मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवू नका. नुकती पळवलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. माठाच्या शेजारी फरशीवर, कोरडी, तासभर ठेवा.

पहिल्यांदा पळवताना

आधी गाडी विटेवर ठेवा, चाकं अधांतरी. डावं-उजवं, पुढं-मागं सगळं बरोबर आहे का ते पाहा. मग एकानं गाडी हातात धरून चाळीस-पन्नास पावलं लांब जायचं आणि दुसऱ्यानं तिथून स्टिअरिंग हलवून पाहायचं. ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबते का, तेही इथंच बघून घ्या. थांबत नसेल तर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सोय) लावल्याशिवाय मैदानात नेऊ नका.

पहिली बॅटरी अर्ध्या ट्रिगरवर. रस्ता नको, गुरं-लेकरं असतील तिथं नको. पाच मिनिटांनी थांबवून मोटरला बोट लावा. तीन सेकंद ठेवता आलं नाही तर सावलीत गार होऊ द्या. एक बॅटरी संपली की दुसरी लगेच लावू नका, मोटरला पंधरा मिनिटं द्या.

पावसानंतर काळ्या रानात नेऊ नका. ती माती चाकाला चिकटते, फुगते, चाक आर्मला घासून थांबतं आणि मोटर जोर लावत राहते. चुकून गेलीच तर पाण्याचा फवारा मारू नका. वाळू द्या, मग जुन्या टूथब्रशनं झाडा, ढेकळं आपोआप सुटतात.

घरी आल्यावर चारही चाकांचे नट, आर्मचे स्क्रू आणि पिनियन तपासा. पहिल्या पळवण्यात काहीतरी ढिलं होतंच. एका डब्यात पुढचे दोन आर्म, एक पिनियन, बॉडीच्या क्लिपा आणि १० चे दहा-बारा स्क्रू ठेवा. पुस्तिका त्याच डब्यात.

सुट्टी संपल्यावर भाचा गाडी आणि डबा अंबडला घेऊन गेला. दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला.

"मामा, पुढचा आर्म मोडला होता. मी बदललो. पण आता ते चाक डगमगायलंय."

"नट आवळलास?"

"आवळलो की. तरी हलायलंय."

"मग उघड पुन्हा. आतली बेअरिंग राहिली असंल. काम कशात केलास?"

थोडा वेळ काहीच बोलला नाही, नुसता भांड्याचा आवाज.

"हाय मामा. ताटातच हाय."